सिग्नेचा वाटा

सन २०११च्या ऑक्टोबर महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी, सकाळी, मुले येण्यापूर्वी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्ट डॅनफर्ड या गावी, सिग्नेच्या स्वयंपाकघरातील टेबलावर एक एकनळी बंदूक ठेवलेली होती, आणि टेबलाच्या दोन बाजूंना आई आणि मुलगी उभ्या होत्या.

“ही तू मोंटानाहून आणलीस?”

“चालत तर आली नाही,” आर्लिस म्हणाली.

“आई, माझ्याकडे रोज सहा पोरं असतात. त्यांच्या आया विश्वासानं सोडून जातात. तपासणीची बाई न सांगता येते. तिनं हे पाहिलं ना, तर संध्याकाळच्या आत माझं पाळणाघर बंद.”

“पोरांना खेळायला देणार नाहीये मी. कुलपाची पेटी आहे. किल्ली माझ्या गळ्यात.”

“आणि परवाना?”

“कसला परवाना?”

सिग्नेने डोळे मिटून घेतले. “इथं लागतो, आई. बंदुकीला लागतो, काडतुसांना लागतो. नव्यानं राहायला येणाऱ्याला साठ दिवस देतात. तेवढ्यात काढायचा, नाहीतर सगळं पोलिसांत जमा.”

“तुझ्या बाबांनी जन्मात दोनच परवाने काढले. एक हरणांच्या शिकारीचा आणि एक माझ्याशी लग्नाचा.”

सिग्नेला हसू आले, पण ते तिने ओठांच्या आतच ठेवले. तिने पिशवीतला कॉफीचा पत्र्याचा डबा उघडून आत डोकावले. तळाशी चार लाल काडतुसे होती. बंदूक आणि काडतुसे एका जागी राहता कामा नयेत, असा तिच्या पाळणाघराचा नियम होता. तो डबा तिने स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला आणि किल्ली स्वतःकडे घेतली. आर्लिसने हरकत घेतली नाही. मुलीच्या वस्तू मुलीकडे गेल्या, एवढेच तिच्या मनात आले.

कारण त्या चार काडतुसांत छऱ्यांबरोबर तिच्या नवऱ्याची, ऑरिनची राख होती.

ऑरिन हा मोंटानातील ब्रेकेन गावच्या धान्यकोठारावर उभी हयात काढलेला माणूस. गव्हाच्या धुळीने त्याला खोकला दिला आणि त्याच खोकल्याने शेवटी त्याला नेले. तो थोर नेमबाज होता असे लिहिण्याचा मोह होतो, तो नव्हता. रविवारी प्रार्थना आटोपली की चार मित्रांसह गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जावे, मातीच्या चकत्या हवेत उडवाव्यात, त्यांतील निम्म्या फोडाव्यात आणि उरलेल्या निम्म्यांचे खापर वाऱ्यावर फोडावे, हा त्याचा क्रम. तेथे कोणाची अनुमती घ्यावी लागत नसे. कोणाची गाय खाणीत उतरली नाही ना, एवढे पाहिले की झाले. चकत्या फेकणाऱ्या यंत्राची दोरी लहानपणी सिग्ने ओढत असे. चौदाव्या वर्षी तिने पहिला बार काढला तेव्हा ऑरिनने टोपी इतकी उंच फेकली, की त्या मित्रांपैकी क्लिफर्डने त्या टोपीवरही नेम धरला. पुढे सिग्ने शिकायला पूर्वेकडे आली आणि तिकडचीच झाली.

ऑरिन गेला तो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. बर्फामुळे सिग्ने शिकागोच्या विमानतळावर अडकली. ती पोहोचली तेव्हा अंत्यविधी आटोपून चर्चच्या तळघरात बायका कपबशा पुसून ठेवीत होत्या. एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाली, तेव्हा मित्रांनी रीतीप्रमाणे उरलेला विधी केला. क्लिफर्डने आपल्या पडवीत काडतुसे भरली, अर्धे छरे, अर्धी राख. मग खाणीच्या कडेवर एकेकाने उभे राहायचे, नाव उच्चारायचे आणि बार काढायचा. ज्या वाऱ्याला ऑरिनने जन्मभर दोष दिला त्याच्याच स्वाधीन त्याला करायचे. ब्रेकेनच्या लोकांना यात काही वावगे वाटत नाही. त्या वेळीही सिग्नेला पाळणाघर सोडून येता आले नाही. म्हणून तिचा वाटा बाजूला ठेवला.

वाट्याबरोबर एक अट होती आणि ती ऑरिननेच इस्पितळातल्या खाटेवर घातली होती. “पोरीला आधी सांगू नकोस. हात कापेल तिचा, नेम चुकेल. आधी चकती फोडू दे. मग सांग, की बाबा होते म्हणून.” एवढे बोलून तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला.

येथे कोणी म्हणेल, की मरणाऱ्याच्या थट्टेला आज्ञेचे वजन देणे हा निव्वळ भाबडेपणा होय. आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या नवऱ्याने संसारात कधी हट्ट केला नाही, त्याचा एकुलता एक हट्ट बायको मोडील कशी? शिवाय आर्लिसला मुलगी ठाऊक होती. स्वयंपाकघरात हे सांगितले असते, तर सिग्नेने तो डबा दोन्ही हातांनी उचलून फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला असता आणि त्याला पुन्हा हात लावला नसता. बर्फात अडकलेल्या त्या दिवसाविषयी ती आजतागायत एक शब्द बोललेली नव्हती. तिच्या हातून तो बार निघाला पाहिजे, ऑरिनसाठी नव्हे तर तिच्यासाठीच, असे आर्लिसच्या मनाने घेतले होते. एवढ्यासाठी ती देश ओलांडून आली होती.

आर्लिसने परवान्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. त्यासाठी सुरक्षिततेचा वर्ग पुरा करावा लागे, आणि जवळच्या वर्गात जानेवारीपर्यंत जागा नव्हती. मग शेजारचा फुर्टाडो भेटला. क्रॅनबेरी या आंबट लाल फळांच्या मळ्यांत पाणी सोडण्या-अडवण्यात त्याचे आयुष्य गेले होते. आता तो कुंपणापाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवी.

“नेमबाजीच्या क्लबात या की! रविवारी चकत्या असतात. माझ्याकडे परवाना आहे, मी शेजारी उभा राहतो. कायदा खूश, तुम्ही खूश, आणि माझी बायको तर सगळ्यांत खूश, कारण मी घराबाहेर.”

“मुलीलाही आणलं तर?”

“आणा ना. फक्त मला हरवू नका म्हणावं. क्लबात माझी अब्रू आहे, थोडी.”

पण मुलगी येईना.

“मी ते सगळं सोडलंय, आई.”

“एकदाच. एक बार.”

“पण का?”

“तुझ्या बाबांची बंदूक आहे म्हणून.”

“बाबांची कुऱ्हाडपण होती. लाकडं फोडू का?”

“बर्फ पडायचं निमित्त दर वेळी मिळत नाही, सिग्ने.”

हे वाक्य उच्चारले गेले आणि आर्लिसला जीभ चावावीशी वाटली.  सिग्नेने एका मुलाचे नाक पुसले, दुसऱ्याच्या बुटाचे बंद बांधले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात मायलेकी फक्त हवापाण्याविषयी आणि बटाट्यांविषयी बोलल्या.

नोव्हेंबर सरत आला. एका संध्याकाळी मुले घरी गेल्यावर सिग्ने आईसमोर येऊन बसली आणि तिच्या हातातले बटाटे सोलायला घेतले.

“येत्या रविवारी जाऊ. एकदाच हं.”

“आज काय झालं तुला?”

“रोज ती पेटी पुसतेस तू. वरून धूळ नसते, तरी पुसतेस. मला दिसतं, आई.”

आर्लिस उठून खिडकीपाशी गेली. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. तिने बराच वेळ पाहिले.

दुसऱ्या दिवशी फुर्टाडो दारात आला आणि त्याने बेत ऐकून टाळी वाजवली. “फक्त एक. घरी भरलेली काडतुसं क्लबात चालत नाहीत. तसली असली तर ठेवा बाजूला. मी दुकानातली आणतो.” सिग्नेने मान डोलावली. आर्लिसनेही डोलावली, आणि दुपारी एकटीच कुंपण ओलांडून त्याच्या घरी गेली. काडतुसांत काय आहे हे तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. फुर्टाडोला सांगितले. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, खुर्ची पुढे ओढली आणि खूप विचार केला.

“आपण अगदी शेवटच्या टोकाला उभे राहू,” तो म्हणाला. “कोणी काडतूस बघायला आला, तर मी खोकत बसतो. माझा खोकला सुरू झाला, की लोक लांब जातात. पोरीला ठाऊक आहे?”

“नंतर सांगायचंय. चकती फुटल्यावर.”

“आणि नाही फुटली तर?”

“चार आहेत,” आर्लिस म्हणाली.

शनिवारी सकाळी ती मुलीच्या निळ्या सदऱ्याला इस्त्री करीत होती. रविवारी तिने तोच घालावा अशी तिची इच्छा होती. ओट्यावर कॉफीचा पत्र्याचा डबा उपडा घातलेला होता, धुतलेला, कडेला पाण्याचे थेंब. आर्लिसने इस्त्री उभी केली.

“हा इथं कसा?”

“अगं हो, सांगायचं राहिलंच.” सिग्नेच्या स्वरात काम उरकल्याचा आनंद होता. “ती घरची काडतुसं चालत नाहीत ना, आणि तुझी मुदतही संपत आली. मंगळवारी पोलिसांना फोन केला, त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. म्हटलं, तुला कशाला हेलपाटा. डबा तेवढा ठेवून घेतला. तुझा आवडता ना तो?”

ती शाबासकीची वाट पाहत उभी होती, लहानपणी दोरी ओढल्यावर उभी राहत असे तशी.

आर्लिसने इस्त्रीची वायर काढली. एप्रन तसाच ठेवून त्यावर कोट चढवला.

“गाडी काढ.”

“कुठं? आई, काय झालं?”

“पोलिसांकडे. गाडी काढ, सिग्ने.”

सगळे सांगायला तो रस्ता पुरेसा लांब होता. मळ्यांच्या कडेने तो जात होता. पाणी सोडून बुडवलेले क्रॅनबेरीचे मळे आभाळासारखे करडे दिसत होते. सिग्नेने दोनदा विचारले. आर्लिसने सांगितले नाही. काडतुसे परत मिळाली तर उद्याचा रविवार अजून जसाच्या तसा होता; ऑरिनची अट अजून शाबूत होती. आशा माणसाला मुके करते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

ठाण्यात सार्जंट मेडेरोस नावाचा पोक्त गृहस्थ बसला होता. त्याने दोघींना बसायला सांगितले. आर्लिस बसली नाही.

“मंगळवारी आमच्याकडून चार काडतुसं आणलीत. ती परत हवीत मला. परवानेवाला माणूस आहे, तो येऊन घेईल. कुठं सही करू?”

“बाई, जमा झालेला दारूगोळा आम्ही ठेवत नाही. आला की तेलाच्या पिंपात टाकतो. बुधवारी राज्याची गाडी येऊन पिंप घेऊन गेली.”

“लाल होती. चारच.”

“बहुतेक लालच असतात, बाई.”

“गाडी कुठं जाते? तिथं जाऊ आम्ही.”

“तिथं पोहोचली, की जाळतात.” मग तिचा चेहरा पाहून त्याने हळूच विचारले, “काही खास होतं का त्यांत?”

आर्लिस उत्तर द्यायला वळली ती सार्जंटकडे नव्हे.

“तुझे बाबा होते,” ती म्हणाली.

सिग्ने गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती. “बाबा?”

“थोडेसे. बाकीच्यांनी आपापला वाटा खाणीत उडवला. तुझा ठेवला होता. ते म्हणाले होते, आधी सांगू नकोस.”

 “मी शिपायाला म्हटलं, लवकर घेऊन जा,” सिग्ने म्हणाली. “पोरं झोपली होती. मी म्हटलं, मागच्या दारानं जा.” आणि मग, फार लहान आवाजात, “डबा मी साबणानं धुतला, आई.”

आर्लिसने तिच्या हातातली किल्ली काढून घेतली, कारण ती किल्ली वाजत होती.

दोष कोणाचा हे शोधू जाणाऱ्याची येथे निराशा होईल. मुलीने कायदा पाळला, आईने शब्द पाळला, आणि शिपाई तर बिचारा मागच्या दाराने, पाय न वाजवता गेला होता.

मेडेरोस उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दोघींसमोर येऊन उभा राहिला.

“कोणी सांगितलं असतं, तर मी ती बाजूला काढून ठेवली असती,” तो म्हणाला. “पण कायद्यानं तो दारूगोळा होता, बाई, आणि दारूगोळा म्हणूनच गेला.”