नदीकडची, मधली, मारुतीकडची

देवव्रतने कागद टेबलावर सरकवला आणि खाली सही करायला सांगितलं. सुधाताईंनी चष्मा लावला. 'कारण : कामगार धोंडाबाई हिने स्क्रीन चुकीची वाचली. कारवाई : कामावरून कमी करणे.' त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वाचली?" त्या म्हणाल्या. "अरे, तिला वाचताच येत नाही."

सायखेड्याजवळच्या या पॅकहाउसमध्ये द्राक्षांसाठी तीन थंड खोल्या होत्या. सुधाताई इंदिरानगरहून कंपनीच्या गाडीने येत. आल्या होत्या टायपिस्ट म्हणून. नऊ वर्षांपूर्वी खोल्यांचं तापमान कंप्युटरकडे गेलं, आणि त्यातला प्रोग्राम निघाला चित्राचा. चौकटी काढायच्या, तारांनी जोडायच्या. एका चौकटीतला आकडा हलला की तारेपलीकडच्या सगळ्या आपोआप हलणार. कुकरची शिट्टी झाली की सगळं घर ताटं घ्यायला उठतं ना, तसंच हे, असं म्हणत ताई पंचेचाळिसाव्या वर्षी ते शिकल्या.

चौकटी त्यांनी शेडमध्ये खोल्या होत्या तशाच मांडल्या. डावीकडे मारुतीच्या देवळाकडची, मग मधली, उजवीकडे नदीकडची. नावंही बायकांच्या तोंडची. ते चित्र खालच्या हॉलमधल्या टीव्हीवर दिसे. हिरवी चौकट म्हणजे खोली चालू, माल ठेवा. लाल म्हणजे बंद. शाळेचं तोंड न पाहिलेली धोंडाबाई नऊ हंगाम मान वर करून ते चित्र बघायची आणि क्रेट लावायची. एकदाही चुकली नव्हती.

आणि मंगळवारी सकाळी या देवव्रतने, मालकांच्या पुतण्याने, चौकटी मांडायचा नवा एडिटर चढवला. मोठं अपडेट म्हणे. आधीच्या एडिटरमध्ये चौकट ठेवाल तिथे राहायची. नव्याला माणसाने हाताने मांडलेलं खपत नव्हतं. सगळं तोच लावणार, सुबक, वर्णक्रमाने. आता न येतो म च्या आधी, आणि 'मधली' येते 'मारुती'च्या आधी. म्हणजे नदी डावीकडे आली, मारुती उजवीकडे गेला. मधली होती तिथेच राहिली, म्हणून पटकन कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सुधाताईंच्या आलं होतं. त्यांनी चौकटी ओढून पाहिल्या, त्या उड्या मारून परत आपल्या रांगेत जाऊन बसल्या. मग ताई हेल्पलाइनला फोन लावत बसल्या, तासभर. जिना उतरून धोंडाबाईला एक वाक्य सांगावं, एवढं काही सुचलं नाही.

त्या दिवशी मारुतीकडची खोली धुण्यासाठी नुकतीच बंद केली होती. धोंडाबाईला डावीकडे हिरवं दिसलं. तिने साठ क्रेट मारुतीकडे नेले. खोलीत गारवा अजून होता, त्यामुळे हातालाही फरक कळला नाही. संध्याकाळपर्यंत घडांना घाम फुटला आणि परदेशी जायचा माल परदेशी जायच्या लायकीचा राहिला नाही.

"ताई, लॉजिकची एक तारसुद्धा बदललेली नाही," देवव्रत समजावणीच्या सुरात म्हणाला. "चौकटींवर नावं आहेत. वर्णक्रम तर सगळीकडेच चालतो."

"चालत असेल. आपलं मारुतीचं देऊळ वर्णक्रमाने हललं नाही, ते डावीकडेच आहे."

तो मोबाइलकडे बघायला लागला. बाराखडी न आलेल्या बाईला बाराखडीच्याच नावाने गुन्हेगार ठरवायचं, याला काय म्हणावं? चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. आणि चोरांत आपणही आहोत, हे ताईंना जास्त झोंबत होतं. त्यांनी पेन उचललं, दोन्ही ओळी खोडल्या आणि लिहिलं : 'मांडणी बदलली, खाली कोणाला सांगितलं नाही. चूक देवव्रत यांची आणि माझी.' खाली सही केली.

देवव्रतचा चेहरा पडला, पण कागद मालकांकडे गेला. मालकांनी ताईंना बोलावून पाऊण तास झाडलं, पुतण्याला काही बोलले नाहीत, आणि धोंडाबाईला राहू दे म्हणाले. ते सुद्धा उपकार केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ताईंना एक तोड सुचली. या एडिटरला वर्णक्रमच हवा ना, मग घे बापड्या. त्यांनी नावं बदलली : 'अ मारुतीकडची', 'आ मधली', 'इ नदीकडची'. चौकटी मुकाट्याने आपापल्या जागी गेल्या. ताई जवळजवळ धावतच जिना उतरल्या.

"धोंडाबाई, बघा वर. मारुती आला परत जागेवर."

धोंडाबाईने हातातला क्रेट खाली ठेवला. वर काही बघितलं नाही.

"आज हाय ना जागेवर. उद्या कोनी न इचारता परत हलिवला, तं?"



"तुमच्यावर राग नाय, ताई," धोंडाबाई म्हणाली आणि पदराला हात पुसत टीव्हीखालून पुढे गेली. तिने मारुतीकडचं दार उघडलं, आत हात धरला, लावून घेतलं. मग मधलं. मग नदीकडचं. तिथे ती हात आत धरून बराच वेळ उभी राहिली, आणि मग मागे न बघता तिने बायकांना क्रेट आणायची खूण केली. वर टीव्हीवर तिन्ही चौकटी हिरव्या होत्या.