टाकी दिसेपर्यंत

आमच्या धावपट्टीपासून त्याच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेषेत तीनशे दहा किलोमीटर. छोटं विमान पंचावन्न मिनिटांत येतं. रस्त्यानं घाट ओलांडायचा तर पुरता एक दिवस जातो. आम्ही नवरा-बायको दोघंही हवामान निरीक्षक. आधी दोघं इथेच होतो. मग त्याची तिकडच्या विमानतळावर बदली झाली आणि मी इथेच राहिले. चार महिन्यांनी त्याला एका दिवसाची सुट्टी मिळाली होती. एका दिवसात यायचं, तर विमानाशिवाय इलाज नव्हता.

त्या सकाळी मी कार्यालयाच्या गच्चीवर गेले. धुकं.

किती लांबचं दिसतंय हे मोजायला आमच्याकडे यंत्र नाही. ठरलेल्या खुणा आहेत: कुंपणाचा खांब, त्यामागे गोदाम, त्याच्याही मागे पाण्याची टाकी. टाकी दिसली, की तिकडून विमान सोडायचं. मला गोदामाचं छप्पर तेवढं दिसत होतं.

खाली फोन वाजला. त्या फोनवरचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, म्हणून लग्नाला सात वर्षं झाली तरी त्यावर आम्ही सर आणि मॅडम.

"मॅडम, टाकी?"

"नाही, सर."

"साडेनऊपर्यंत विमान थांबवतील. मग ते दुसऱ्या गावाला लावणार." जरा थांबून तो म्हणाला, "इथे एक प्रवासी पहाटेपासून बॅग मांडीवर घेऊन बसलाय. फार चुळबुळ करतोय."

"त्याला म्हणावं, गपचूप बस."

परत वर गेले, तर बंबवाले काका कठड्याशी उभे. आमच्या अग्निशमन गाडीचे चालक. मला मुलीसारखं वागवतात.

"जावईबापू निघाले का?"

"टाकी दिसू दे, मग निघतील. तुम्हाला दिसते का काका?"

त्यांनी डोळे बारीक केले. "तू म्हणशील तर दिसेल, पोरी."

मी बघत राहिले. आणि खरंच, पांढऱ्यातून टाकीचा गोल घेर वर आला, चार पाय आले, बाजूची लोखंडी शिडीही आली. मी धावत जिन्यापर्यंत पोहोचले. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून तिथेच थांबले.

शिडी स्वच्छ उन्हातही इथून दिसत नाही. रोज कामावर येताना मी टाकीखालून जाते, म्हणून ती मला पाठ आहे.

साडेनऊला मी फोन उचलला. "गोदामापर्यंतच. टाकी नाही."

"नक्की ना, मॅडम?"

"दिसली होती, सर. शिडीसकट."

दोन वर्षं तो याच गच्चीवर उभा राहिलेला.

"मग नाहीच," तो हळू म्हणाला.

विमान दुसरीकडे गेलं. तासाभरात धुकं विरलं, वारा सुटला, आणि टाकी ओल्या उन्हात इतकी लख्ख उभी राहिली, की मला तिच्याकडे बघवेना. ठरल्या वेळी त्याचा फोन आला. सुट्टी रद्द करून तो कामावर बसला होता.

"वारा, मॅडम?"

"तुमच्याकडून इकडे. चांगला जोरात आहे."

"म्हणजे पाच मिनिटं आधी पोहोचला असता तो."

"हो, सर."

एवढ्यावर फोन ठेवायचा असतो. त्याच्या बाजूला खुर्ची करकरलेली ऐकू आली, मग नुसता श्वास. मीही ठेवला नाही.