अकराव्या प्रकरणाची तक्रार

माझ्या पुस्तकावर पहिला अभिप्राय आला तो जिलेबीबद्दल. ‘यान क्रमांक नऊ’ ही मालिका टीव्हीवर वर्षभर चालली. तिच्या पटकथेवरून कादंबरी लिहायचं काम पुण्याच्या प्रकाशकांनी माझ्यासारख्या इंदूरच्या निवृत्त मास्तरणीला दिलं, कारण चाळीस दिवसांत लिहून देणारं दुसरं कोणी त्यांना मिळालं नाही. नाशिकच्या एका बाईंनी कळवलं, अंतराळयानात सकाळी उठून पोहे-जिलेबी कोण खातं? आता न्याहारीला याहून वेगळं काही खातात हे मला साठ वर्षांत इथे कोणी सांगितलेलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना बडा गणपतीजवळच्या आमच्या घरी पोह्यांना बोलावलं आणि पुढचा अभिप्राय वाचला.

अभिप्राय पुष्कळ आले. कुणाला नायिका रडकी वाटली, कुणाला शेवट घाईचा वाटला. मला राग आला नाही असं नाही. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पण अनोळखी माणसं वेळ काढून लिहितात, याचंच मला अप्रूप होतं. त्यातही एक गोष्ट सगळे सांगत होते, की अकरावं प्रकरण वाचताना श्वास रोखला जातो.

अकरावं प्रकरण माझं नव्हतं. पटकथेत तिथे एकच ओळ होती: ‘विजय हवेचा पंखा दुरुस्त करतो.’ यानातली हवा संपत आलेली, आणि मला त्या एका ओळीची बारा पानं करायची होती. मी कृष्णरावांना विचारलं. माझे यजमान चाळीस वर्षं पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात मेकॅनिक होते. कारखाना बंद पडल्यापासून ते घरात असे बसायचे की जणू कुणाची तरी वाट बघताहेत. त्या तीन संध्याकाळी मात्र ते बोलत होते आणि मी लिहीत होते. पाना कसा धरायचा, गरम धातूचा वास कसा येतो, अडकलेलं चाक हाताला काय सांगतं. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण इतकं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मग त्याच प्रकरणावर तक्रारी सुरू झाल्या. विजय पंख्याच्या पात्यांवरचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सैल करतो, असं मी लिहिलं होतं. तेवीस जणांनी लिहिलं की ही ढोबळ चूक आहे. नट उलट दिशेने सुटतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. एकाने तर लिहिलं, लेखिकेने आयुष्यात पाना हातात धरलेला नाही. हे खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

प्रकाशक जयेशचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघत होती. “मॅडम, तो नट तेवढा सुधारू या का?”

“सुधारा,” मी म्हटलं. “चूकच आहे ती.”

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, कृष्णराव समोरच मटार सोलत बसलेले होते. सोललेले दाणे त्यांनी माझ्याकडे सरकवले आणि उठून गॅलरीत गेले. अडतीस वर्षांत ज्याने घरातला एक नळ गळू दिला नाही, त्याला मी एकदाही विचारलं नाही, की तुम्ही असं का सांगितलं होतं. तेवीस अनोळखी माणसांवर मी विश्वास ठेवला. रात्री जेवताना विचारायचं ठरवलं आणि लाज वाटून मूग गिळून बसले.

रविवारी सकाळी आमच्या मराठी वाचनालयात पुस्तकावर चर्चा होती. कृष्णराव माझ्याबरोबर आले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ग्रंथपाल सुरभीने आलेले अभिप्राय वाचून दाखवले. जिलेबीवर लोक मनमुराद हसले. मग प्रणव नावाचा तरुण उभा राहिला. पुण्याहून इथे नोकरीला आलेला इंजिनिअर.

“पुस्तक मी दोनदा वाचलं,” तो नम्रपणे म्हणाला. “पण मॅडम, तो नट चुकलाय. नव्या आवृत्तीत बदलणार ना?”

हो म्हणणं सोपं होतं. जयेशला सांगून झालंच होतं. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. कृष्णराव स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

“नाही बदलणार,” मी म्हटलं. “ते प्रकरण माझं नाहीच. मागे बसलेत ना, त्यांचं आहे. मला नटातलं ओ की ठो कळत नाही. पण ते म्हणाले असं सुटतं, म्हणजे तसंच सुटत असणार.”

सगळ्या माना मागे वळल्या. कृष्णराव गडबडून उभे राहिले. टेबलावर वाचनालयाचा जुना टेबलफॅन गरगरत होता. ते हळूहळू पुढे आले, बटण बंद केलं, प्लग काढला आणि पुढची जाळी उतरवली.

“भिया, जरा इधर या,” ते प्रणवला म्हणाले. “खोला हे.”

प्रणवने पाती धरून ठेवणारी नटासारखी टोपी नेहमीसारखी डावीकडे फिरवली. ती आणखी घट्ट बसली. त्याने जोर केला. मग थांबला, आणि उजवीकडे फिरवली. टोपी अलगद त्याच्या हातात आली.

“उलटी चूडी आहे, आटे उलटे,” कृष्णराव म्हणाले. “पंखा या बाजूने फिरतो ना, तर सीधी चूडी फिरता फिरता खुलून जाईल. उलटी असली की चालता चालता अपनेआप कसते. सगळ्या नटांची नाही, पण पंख्याची अशीच असते.”

प्रणव त्या टोपीकडे बघत राहिला. “काका, माझ्या खोलीत हाच पंखा आहे,” तो म्हणाला. “मी तो कधी उघडलाच नाही.” मग त्याने वाकून त्यांना नमस्कार केला. कृष्णरावांनी त्याला पंखा पुन्हा जोडायला लावला आणि तो नीट जोडेपर्यंत सोडलं नाही.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, “तुम्ही फोन ऐकला होता. मग बोलला का नाहीत?”

“पुस्तक तुझं आहे.”

“प्रकरण तुमचं होतं. मी चुकले.”

रस्त्याच्या कडेला पोचल्यावर ते म्हणाले, “तिकडे सगळ्यांच्या समोर तू बोलली, तेव्हा तुला मालूम नव्हतं ना, की मी बरोबर आहे?”

“नव्हतं.”

“हं,” ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. त्या तेवीस जणांचे मी तिथेच मनोमन आभार मानले. त्यांनी कुरकुर केली नसती तर कृष्णरावांचा तो प्रश्न माझ्या वाट्याला आलाच नसता.

पलीकडे पोचल्यावर मी जयेशला फोन लावला. नट होता तसा ठेवा आणि अकराव्या प्रकरणावर कृष्णरावांचं नाव घाला, असं सांगितलं.

“नाव घालतो,” जयेश म्हणाला. “पण मॅडम, लोक पुन्हा तक्रार करतील.”

“करू द्या. त्यांना म्हणावं, घरातला टेबलफॅन उघडून बघा.”

कृष्णरावांनी माझी बाही ओढली. “पहिले प्लग काढायला सांग त्यांना,” ते म्हणाले.

दुसऱ्या आवृत्तीत अकराव्या प्रकरणाखाली त्यांच्या नावासकट एवढंच छापलेलं आहे: ‘पहिले प्लग काढा.’