मर्लचा नकार

मर्लने सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"काय खाल्लंत म्हणालात?"

"दोन अंडी आणि टोस्ट, डॉक्टरीणबाई," ट्रामचा कंडक्टर डगन ओशाळून म्हणाला. "बायको म्हणाली, उपाशीपोटी कुणी कापून घेतं का!"

मर्ल आत सर्जन प्राउजकडे गेली. हर्नियाच आहे, उद्या करू, म्हणाली. भुलेत उलटी झाली तर सरळ फुप्फुसात जाईल.

"तीस वर्षं कापतोय मी, बाई. मला शिकवू नका. कटबुशला बोलवा."

डॉ. लिंडसे कटबुशांनी युद्धावरून परतल्यावर अ‍ॅडलेडमध्ये भूलतज्ज्ञांची ही खाजगी प्रॅक्टिस उभी केली होती. तिघांची. मर्ल त्यातली तिसरी, आणि जेमतेम सहा महिन्यांची. निम्मं काम एकट्या प्राउजकडून यायचं. कटबुश हे कधी बोलून दाखवत नसत, गरजही नव्हती.

ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि मर्लकडे न पाहता म्हणाले, "मी देतो भूल. तू सक्शनची नळी धरून उभी राहा."

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. शेवटचा टाका पडला, भूल उतरू लागली आणि डगनच्या पोटातून उबळ आली.

"डोकं खाली करा!" कटबुश ओरडले.

टेबल कललं. मर्लने नळी घशात सारली. डगनचे ओठ निळे पडले, मग काळपट. नळीतून पिवळे तुकडे सरकत राहिले. खूप वेळाने तो खोकला. ओठांवर हळूहळू रंग परतला.

तो नीट डोळे उघडेपर्यंत कटबुश त्याची नाडी धरून बसले. मग नर्सने त्याला वॉर्डात नेलं.

"बघा, काय झालं त्याला?" प्राउज म्हणाला. "उगीच बाऊ केला. लिंडसे, पुढच्या दोन केस तूच घे. या बाईला घरी पाठव."

कटबुशांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ती नाही म्हणाली, तेव्हाच मीही नाही म्हणायला हवं होतं."

"म्हणजे? माझं काम नकोय का तुम्हा तिघांना?"

भुलेचं यंत्र हॉस्पिटलचं नव्हे, प्रॅक्टिसचं होतं. रोज गाडीच्या डिकीतून यायचं नि जायचं. दोन केस बाकी असतानाच कटबुश वाकून त्याच्या नळ्या गुंडाळू लागले. एक नळी दोनदा निसटली.

मर्लने पुढे होऊन यंत्राची दुसरी बाजू उचलली.