संध्याताईंच्या पाठीवरचा पिपा

मित्रांनो, पोटात पंधरा किलो सरकीचं तेल घेऊन मी अकोल्याच्या एका तेलगिरणीतून बाहेर पडलो, त्याला आता चाळीस वर्षं होतील. मी पत्र्याचा साधा चौकोनी पिपा. तेल एका लग्नाच्या पंगतीत संपलं. माझ्या सोबतच्या पिप्यांत गहू, डाळ भरली गेली. मला मात्र तेल्हाऱ्याजवळच्या पुंजाजींनी उचललं, बाळापूरला नेऊन माझं तोंड कथलाच्या डागानं बंद करवलं आणि कोपऱ्यात फिरकीचं पितळी बूच बसवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना पोहायला शिकवणं, हे माझं काम ठरलं.

शेतातल्या विहिरीला पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीशी, पाण्यातच, मला दोरानं पोराच्या पाठीला बांधत. माझ्या पोटात नुसती हवा, म्हणून मी तरंगायचो आणि पोरगंही तरंगायचं. पण पुंजाजींची एक युक्ती होती, ती शिकणाऱ्याला कधी सांगायची नाही. रोज कोणी विहिरीवर यायच्या आधी ते गुपचूप बूच उघडून माझ्यात एक मोठा तांब्याभर पाणी ओतत. त्यामुळे मी दररोज थोडं कमी वजन पेलायचो आणि पोराचे हातपाय थोडं जास्त. नवव्या-दहाव्या दिवशी मी जवळजवळ भरलेला असायचो आणि पोरगं स्वतःच्या बळावर पोहत असायचं.

अशी गावातली तीसेक पोरं मी तयार केली. सगळे मुलगेच. पुंजाजींची संध्या टॉवेल सांभाळत काठावर बसायची.

"मले बी बांधा ना बाबा," ती म्हणायची.

"पोरीचं काय काम विहिरीत?" एवढंच उत्तर मिळायचं.

पुढे पोरं शहरांत गेली. मी गोठ्यात पालथा पडलो, तळाला गंज चढला. मागच्या उन्हाळ्यात संध्याताईंच्या धाकट्या भावानं, स्वप्निलनं, मला शोधून नवा डाग मारून घेतला आणि ताईंच्याच मुलीला, आचलला, त्याच युक्तीनं पोहायला शिकवलं.

यंदा मे महिन्यात ताई पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन आल्या. त्या अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. वय सेहेचाळीस. येताच म्हणाल्या, "स्वप्निल, पिपा काढ. मले शिकायचं आहे."

"ताई, या वयात? पिपाच घाबरन ना!"

"घाबरू दे त्याले. लई बसली मी काठावर."

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी ताईंच्या नाकातोंडात पाणी गेलं. पायरीवर बसून त्या खोकत राहिल्या. "बस झालं. उद्या सकाळच्या गाडीनं मी अमरावतीले चालली."

"पेपर अवघड असला तरी पूर्ण सोडव, असं मले सांगतेस ना?" आचल म्हणाली. "मग तू काहून अर्धा सोडून राहिली?"

"तुझ्या पेपरात नाकात पाणी जात नाही!"

पण दुसऱ्या सकाळी कोणी हाक मारायच्या आतच ताई विहिरीवर हजर होत्या. आचलनं त्याआधीच रोजचा तांब्या माझ्यात ओतला होता. आई बघत नाही ना, याची खात्री करून.

दहाव्या दिवशी माझी जेमतेम एक कड पाण्यावर होती. ताई या काठावरून त्या काठाला गेल्या, वळल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. मधोमध असताना स्वप्निल पोहत मागून आला.

"ताई, पिपा सोडू काय?"

"नको रे! बुडीन ना मी!"

तोवर गाठ सुटली होती. त्यानं मला ओढत पायरीवर नेलं, कसंबसं उचललं आणि बूच काढलं. माझ्या पोटातून भडाभडा पाणी पडू लागलं. ताई विहिरीच्या मधोमध, हातपाय मारत, ते बघतच राहिल्या.

"हा भरेल होता?"

"दोन दिवस झाले, तू आपल्याच दमावर पोहून राहिली!"

"आई, तरंगायचे नियम कॉलेजात तूच शिकवतेस ना?" आचल हसून हसून वाकली.

"येऊ दे बाहेर, मग सांगते दोघायले!" ताई ओरडल्या. पण बाहेर काही आल्या नाहीत. दोनदा जेवायला हाका मारून झाल्या, तरी त्या पाण्यातच होत्या.

मित्रांनो, तरंगल्याबद्दल माझं खूप कौतुक झालं. पण त्या दिवशी पायरीवर रिकामा होताना मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता. या सुट्टीत घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, लहानपणी त्यांचं काय शिकायचं राहून गेलं. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आणि पोहून झालं की माझ्यासारख्याला नीट रिकामा करून सावलीत वाळवा. संध्याताईंनी गावातल्या सहा बायकांना उद्या सकाळी सातला विहिरीवर बोलावलं आहे.