अल्झिराच्या दाराची पिशवी

“आदेरितो, माझे पाव कुठायत?”

गल्लीतली बाकीची दारं उरकून परतताना मी जिन्याखालून चाललो होतो. वर पाहिलं, तर इदालिनाबाई कठड्यावरून रिकामी पिशवी हलवत होत्या.

“मघाशीच लावले की. तुमच्या दाराची मूठ मोडलीय म्हणून मधल्या खिळ्याला.”

“मग काय त्यांना पाय फुटले?”

समोरच्या दारामागून लोण्याचा वास येत होता. पर्यटकांना भाड्याने देतात त्या घरात आदल्या दिवशी एक डच जोडपं उतरलं होतं. दोन दारांच्या मध्ये ताजे पाव दिसल्यावर मालकाने पाहुणचार केला असं त्यांना वाटलं, आणि निम्मे पाव त्यांनी संपवलेही होते.

बाईंनी दार ठोठावलं. मला वाटलं, आता यांची काही धडगत नाही. चूक कळल्यावर तो उंच गृहस्थ कानापर्यंत लाल झाला. त्याची बायको उरलेले पाव ताटलीत घालून घेऊन आली आणि असा पाव जन्मात खाल्ला नव्हता म्हणून खुणेनं सांगू लागली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. राग कुठल्या कुठे गेला.

“आदेरितो,” त्या वळून म्हणाल्या, “हा जिना परवडायला तुला किती दारं लागतात रे?”

लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीत मी आयुष्यभर दारोदार पाव पोचवले. लोक रात्री कापडी पिशवी दाराला लावून झोपतात आणि मी पहाटे ती भरत जातो. या जिन्यात एकेकाळी दरेक दाराला पिशवी असायची. सगळ्या इदालिनाबाईंनी शिवलेल्या, लाल दोऱ्याने नाव भरलेल्या. शिवणकामावर तर त्यांचा संसार चालला. मग इमारत विकली गेली, एकेक बिऱ्हाड शहराच्या टोकाला गेलं आणि दारांना आकडे दाबायची कुलपं आली. समोरची अल्झिरा सगळ्यात शेवटी गेली. बाई तेवढ्या उरल्या, कारण त्यांचा करार जुना आणि स्वभाव त्याहून चिवट.

एका दारासाठी आता वर चढायचं नाही, महिनाअखेर बंद, असं आमच्या बेकरीवाल्याने सांगितलं होतं. माझे गुडघेही त्याच्याच बाजूने होते. पण बाईंचा प्रश्न नुसत्या पावांचा नव्हता. ऐंशीची आई एकटी राहते म्हणून नदीपलीकडे राहणारी मुलगी, सोनिया, मागे लागली होती. दोघींमध्ये ठरलं होतं की आदेरितो रोज वर येतोय, कालची पिशवी आत गेलीय का ते बघतोय, तोवर आई इथे राहील. पाव बंद झाले की तिने सोनियाकडे जायचं.

“पुरायला नेतेय मला पलीकडे,” बाई म्हणायच्या. पोरीवर हा अन्याय होता, पण बाईंना न्यायाने बोलताना मी कधी ऐकलं नाही.

ती भाड्याची घरं रुबेन नावाचा तरुण सांभाळतो. बाईंनी त्याला बोलावून टेबलावर पिशव्या मांडल्या. जाताना शेजाऱ्यांनी दाराला तशाच सोडलेल्या पिशव्या त्यांनी धुऊन, इस्त्री करून ठेवल्या होत्या.

“पाहुण्यांना रोज सकाळी गरम पाव. बोल, लावतोस?”

“झकास आहे की, बाई. फक्त ही नावं नकोत. आपण कंपनीचं चिन्ह छापून घेऊ.”

“पिशव्या ह्याच.”

“अहो, अल्झिरा कोण म्हणून विचारतील लोक.”

“मग सांग ना. तुला माहीत नसेल तर मी सांगते.”

रुबेन हसला. “हट्ट सोडा, बाई. मी नाही म्हटलं तर तुमचेही पाव बंद होणारेत, असं कानावर आलंय.”

“होऊ देत,” म्हणत बाई पिशव्यांच्या घड्या घालू लागल्या.

तो गेल्यावर मला राहवेना. “नावांचं काय घेऊन बसलात? राहतं घर जाईल हातचं.”

“अरे, सगळ्यांची नावं पुसूनच राहायचं असेल, तर नदीपलीकडे काय वाईट आहे?”

सोनियाने सामान बांधायला खोकी आणून ठेवली. बाईंनी त्यांत जुनी वर्तमानपत्रं भरली.

महिना संपता संपता रुबेन आपण होऊन वर आला. त्या डच बाईने इंटरनेटवर पावाचं कौतुक लिहिलं होतं आणि नवे पाहुणे येताक्षणी पाव कधी येतो ते विचारत होते. “द्या,” तो हात पुढे करून म्हणाला. “नावांसकट द्या.”

जूनमध्ये सान्तो आंतोनियोच्या सणाला अल्झिरा आली. बाईंसोबत सार्डिन मासे साफ करायला म्हणून सकाळीच, माझ्याच मागून जिना चढत. मी पाव घातले आणि पिशवी समोरच्या दाराला लावली. तिने आपलं नाव वाचलं. सवयीने पिशवी मुठीवरून काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने पर्समध्ये किल्ली चाचपू लागली.

त्या दाराला आता किल्लीच नव्हती. आत कोणीतरी परक्या भाषेत गुणगुणत होतं. अल्झिराचा हात पर्समध्येच थांबला.

पाठीमागचं दार उघडलं. “अगं, इकडे ये. कॉफी निवतेय,” इदालिनाबाई म्हणाल्या.

अल्झिराने पिशवी परत मुठीला अडकवली. नाव दाराकडे गेलं होतं. तिने पिशवी फिरवून ते बाहेर केलं.