गोळी विरघळली कशात?

मित्रांनो, मी एक जुनं काचेचं भांडं आहे, आणि स्वभावाने संशयी. पेरू देशातल्या किल्याबांबा गावात हळद पिकवणाऱ्यांची लहानशी औषधशाळा आहे. तिथेच माझं आयुष्य गेलं. माझ्यात पोटातल्याइतकं कोमट पाणी भरतात, गोळी टाकतात आणि वरून एक पातं फिरत राहतं. जी गोळी माझ्यात विरघळत नाही, ती अंगालाही लागत नाही. हळदीतला औषधी अंश तर पाण्यात मिसळायला मुळीच तयार नसतो. म्हणून चकचकीत गोळी दिसली की मला आधी शंका येते.

एकदा मात्र गोळ्या पटापट विरघळल्या. औषध तपासणारी नेलिदा हरखली. माझं कौतुक झालं. मला तेव्हाच काहीतरी काळंबेरं वाटलं होतं, पण भांड्याला विचारतो कोण?

त्या गोळ्या सातुर्निनाबाई घेऊ लागल्या. गुडघेदुखीमुळे त्यांना डोंगरावरच्या आपल्या कॉफीच्या मळ्यात जाता येत नव्हतं आणि तोडणी तोंडावर आली होती. काडीचाही गुण येईना, तेव्हा त्या काठी टेकत औषधशाळेत आल्या. त्यांचा नवरा इलारिओ इथली यंत्रं सांभाळायचा, चाचणीआधी माझ्यात पाणीही तोच भरायचा.

"तुझ्या गोळ्या पोटात पाहुणचार घेऊन निघून जातात बघ," त्या त्याला म्हणाल्या.

"अगं, या भांड्यात तर साखरेसारख्या विरघळतात."

"मग त्यालाच दे माझे गुडघे."

नेलिदाला शंका आली. "काका, माझ्यासमोर करून दाखवा."

इलारिओने पाणी भरलं आणि उसाच्या दारूची बाटली काढली. आमच्याकडे कामाआधी पहिला घोट धरणीमातेला, पाचामामाला देतात. त्याने थोडी जमिनीवर शिंपडली आणि चांगली पेलाभर माझ्यात ओतली.

"हे काय, काका?"

"त्याचा मान, बाई. तहानलेलं यंत्र रुसतं."

"अहो, हळद दारूत विरघळते. काकूंच्या पोटात कुठली दारू?"

"माझ्या नसते," सातुर्निनाबाई म्हणाल्या, "याच्या असते."

नेलिदाने त्या गोळ्या थांबवल्या. हळदीचा अर्क आणखी बारीक केला, तेलाच्या सूक्ष्म थेंबांत मुरवला, जोडीला काळी मिरी घातली. कितीतरी गोळ्या माझ्या तळाशी तशाच बसून राहिल्या. अखेर एक नुसत्या पाण्यात विरघळली. तरी मी तिच्याकडे रोखून पाहत राहिलो.

तोडणीला सातुर्निनाबाई हळूहळू का होईना, मळ्यात पोहोचल्या. गुण गोळीचा की जिद्दीचा, मला अजून शंका आहे.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर प्रेमाने काही पाजू नका. स्वच्छ धुवा आणि नुसतं पाणी द्या. मी खोटी साक्ष दिली तरी माझी काच शाबूत राहते. दुखत राहतात ते कुणाचे तरी गुडघे.